‘दुखेल’ म्हणणाऱ्या बाई

मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पेशंटच्या खुर्चीत आडव्या पडल्या होत्या, आणि पाच-सहा वर्षांची एक मुलगी स्टुलावर उभी राहून, त्यांच्या तोंडात आरसा घालून त्यांचे दात मोजत होती. मी नोकरी मागायला गेले होते. हातात फाइल, अंगावर इस्त्रीचा पांढरा कोट. मॅडमनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड तसंच उघडं ठेवलं. मुलीचं मोजून होईपर्यंत मी दारातच उभी राहिले. सव्वीस, असं मुलीने जाहीर केलं. मॅडम उठून बसल्या, बरोबर मोजलंत म्हणाल्या, आणि उद्या आलात तर तुमचे मी मोजीन, आज नको, असं सांगून तिला पाठवून दिलं. मग माझ्याकडे वळल्या.

"तो कोट काढून ये," त्या म्हणाल्या.

मुलाखत एवढीच झाली.

दवाखाना देवळाली प्रवरात, गावाच्या अगदी कडेला होता. तीन खोल्या, पुढे पत्र्याची शेड, मागच्या दारापासून दहा पावलांवर ऊस सुरू. मी केडगावची. कॉलेज नुकतंच संपलं होतं आणि नगरात कुणी उभं करत नव्हतं, म्हणून इतक्या लांब आले. दीड वर्ष राहिले. आता मॅडम लेकीकडे नाशिकला असतात, दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान आहे, आणि माझा स्वतःचा दवाखाना केडगावात आहे. तरी लहान मूल आत आलं की आजही माझे हात गार पडतात.

गावात त्यांना ‘दातवाल्या बाई’ म्हणत. वय साठीच्या जवळ. साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत, जसा आपल्याकडे बाया शेतात जाताना घालतात. हे शर्ट त्यांच्या यजमानांचे. ते काही वर्षांपूर्वी वारले होते. मला आधी वाटलं, आठवण म्हणून घालत असतील. एकदा विचारलं तर म्हणाल्या, पांढरा कोट पाहून पोरं दारातच ताठ होतात. शर्टातली बाई म्हणजे त्यांना घरची वाटते, खुरपायला निघालेली. आठवणीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

मोठ्या माणसांना त्या सरसकट अरे-तुरे करायच्या. साखर कारखान्याचा अधिकारी असो की ग्रामपंचायतीतला कुणी, "बस, तोंड उघड." पण दहा वर्षांखालच्या कुणालाही अहो-जाहो. "या, बसा. चप्पल राहू द्या. काय नाव आपलं?" नाकातून शेंबूड वाहणारं चार वर्षांचं पोर हे ऐकून मागे वळून बघायचं, की आपल्या मागे कोण उभं आहे.

दुसरी त्यांची सवय आकड्यांची. "दुखणार नाही" हे वाक्य त्या दवाखान्यात उच्चारायचं नाही. दुखणार असेल तर दुखेल म्हणायचं, आणि किती ते सांगायचं. "दहा आकडे दुखेल." मग मोठ्याने मोजायच्या. दहा झाले की हात काढून घ्यायच्या, काम कुठेही आलेलं असो. कारखान्याच्या एका अधिकाऱ्याची दाढ अर्धी हललेली असताना दहा झाले, तर या हात बाजूला घेऊन उभ्या. तो तोंडात कापूस धरून हातवारे करायला लागला की उरका आता. त्या म्हणाल्या, दहा सांगितले होते, पुढचे दहा हवे असतील तर तसं सांग. त्याने मान हलवली तेव्हा पुन्हा एकपासून सुरुवात.

मी कामावर लागल्यावर पहिल्याच आठवड्यात एका मुलाला सवयीने म्हणून गेले, काही दुखणार नाही हं बाळा. मॅडमनी मला त्याच्यासमोरच बाहेर जायला सांगितलं. मी शेडमध्ये बसून रडले. संध्याकाळी त्या म्हणाल्या की सुई टोचल्यावर त्याला दुखलंच असतं, आणि मग तुझं दुसरं एकही वाक्य त्याला खरं वाटलं नसतं. तू त्याचा एकच आधार काढून घेत होतीस.

आयांशी त्यांची भांडणं रोजची. शेडमध्ये बसलेली एखादी आई पोराला म्हणायची, गप बस, न्हाईतर बाई सुई टोचतीन. आतून मॅडमना हे बरोबर ऐकू जायचं. मशीन बंद करून त्या बाहेर यायच्या, त्या आईलाच हाताला धरून खुर्चीत बसवायच्या आणि म्हणायच्या, आता मी तुझ्या पोराला सांगते, आईला सुई टोचते म्हणून. बघ कसं वाटतं. बऱ्याच बाया चिडून निघून जात. पुढच्या आठवड्यात परत येत, कारण राहुरीपर्यंत जाण्यापेक्षा हे जवळ.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, बाई मोठ्या धीराच्या. तसं नव्हतं. इतकी भित्री बाई मी पाहिली नाही. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या जोडून समोरून आला की त्या मोपेड रस्त्याच्या खाली उतरवून, इंजिन बंद करून उभ्या राहायच्या. वीज कडाडली की हातातलं काम ठेवायच्या. दवाखान्याचं कुलूप लावून दहा पावलं गेल्यावर परत येऊन ओढून बघायच्या, आणि सुमनमावशी, म्हणजे आमच्याकडे हत्यारं धुवायला होती ती, रोज हसायची. "हसू नको," मॅडम म्हणायच्या, "भीती वाटती तर वाटती."

आरती आली ती ऊसतोडीच्या दिवसांत. सात वर्षांची. आईवडील पाथर्डीकडचे, टोळीबरोबर आलेले, गावाबाहेरच्या माळावर त्यांची कोपी, उसाच्या पाचटाची झोपडी. आईने तिला पाठुंगळी आणलं होतं. उजवा गाल सुजून चकचकीत झालेला, अंगात ताप. पण माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. दारातून आमची खुर्ची दिसताच ती पोर लाकडासारखी ताठ झाली, आणि आईच्या पाठीवरून खाली लघवीची धार लागली. ती रडली नाही. आवाजच केला नाही.

आईने सांगितलं ते असं. गावाकडं असताना दाढ दुखत होती म्हणून एका दवाखान्यात नेलं. तिथे पोर तोंड उघडेना. मग बापाने पाय धरले, दोघांनी हात, एकाने डोकं. भूल नीट चढलीच नसावी. दाढ मोडली, मूळ आत राहिलं, पोर बेशुद्ध झाली.

"तवापसून तोंडाला हात लावू देत न्हाई बाई," आई म्हणाली. "मी येनी घालाया गेले तरी हात झटकती. तीन दिस झालं, पोटात अन्न न्हाई. च्या तेवढा जातोय."

मॅडमनी तिला हात लावला नाही. लांबून बघितलं. तिला तिचं नाव विचारलं, आवाज घोगरा आहे का ते ऐकलं. कपातून पाणी प्यायला दिलं आणि गिळताना गळ्याकडे बघत राहिल्या. लाळ गळत नव्हती, श्वास नीट होता. पातळ औषध दिलं, अँटिबायोटिक आणि तापाचं, आणि सुमनमावशीच्या खोलीत मायलेकींना राहायला सांगितलं. मग नेहमीप्रमाणे स्वतः खुर्चीत आडव्या झाल्या आणि आरसा आरतीकडे धरला. आरती भिंतीला पाठ लावून उभी होती. ती हलली नाही. मॅडम पाऊण तास तशाच तोंड उघडून पडून राहिल्या. बाहेर पेशंट खोळंबलेले. शेवटी पोरीने आरसा घेतला, चारपर्यंत मोजलं आणि परत भिंतीला जाऊन टेकली.

दुसऱ्या दिवशी सूज गालावरून खाली, जबड्याच्या कडेपर्यंत पसरली होती. आरतीने त्या दिवशी सव्वीसच्या सव्वीस मोजले, आणि मॅडमना उलट्या हाताने गालाला स्पर्श करू दिला. मॅडम खूश होत्या. मला मात्र त्या सुजेची भीती वाटत होती. अशी सूज गळ्यात उतरली, जीभ वर उचलली गेली, की मूल गुदमरतं हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, आणि कॉलेजात असताना एकदा डोळ्यांनी बघितलेलं होतं. संध्याकाळी पेशंट संपल्यावर मी मॅडमना सरळ म्हणाले की हे आरसे आणि आकडे पुरे झाले, तिला धरू, दहा मिनिटांत पू काढू, जीव तरी वाचेल. नाहीतर आत्ताच्या आत्ता नगरला पाठवा.

त्या हत्यारं पुसायला बसल्या. मग त्यांनी मला जे सांगितलं ते आधी कुणाला सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही.

दवाखाना नवीन होता तेव्हाची गोष्ट. एक मुलगा, साधारण आरतीएवढाच. तोंड उघडेना. मॅडमनी त्याला चौघांकडून धरवलं आणि दात काढला. काम चोख झालं होतं. घरच्यांनी पाया पडून आभार मानले. पुढे वीसेक वर्षांनी एक माणूस आला, बायकोने अक्षरशः ओढत आणलेला. तोच मुलगा. तंबाखूने गालात जखम झालेली, वर्षभर होती, आणि त्याने कुणालाही तोंड उघडून दाखवलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. खुर्चीकडे बघून तो एवढा थोराड गडी थरथरायला लागला. मॅडमनी बघितलं तेव्हा उशीर झालेला होता. पुढच्या वर्षी तो गेला.

"तो मला ओळखून नमस्कार करत होता," मॅडम म्हणाल्या. "मीच त्याचं तोंड मिटवलं, आणि तो मलाच नमस्कार करत होता."

तरी मी विचारलंच, आणि आरतीला उद्या श्वास लागला तर? त्या म्हणाल्या, उद्या सकाळी तिला ताप असेल किंवा सूज आणखी खाली गळ्याकडे सरकली असेल, तर फक्त पाच वाजेपर्यंत वाट बघू. तोवर तिने तोंड उघडलं नाही तर गाडी करून नगरला. तिथे पूर्ण भूल देऊन करतील. लाळ गळायला लागली किंवा आवाज बदलला तर पाच वाजायचीही वाट बघायची नाही. रात्री त्या सुमनमावशीच्या खोलीत बसून राहिल्या असं मला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी सूज हनुवटीखाली आली होती आणि ताप चढला होता. मॅडमनी नगरच्या मोठ्या हॉस्पिटलात फोन करून ठेवला, गाडी सांगितली. आरती दुपारभर खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसली होती, खुर्चीत नाही. दोनदा तिने स्वतःहून ओठ उघडले आणि मिटले. दोन बोटं जातील एवढं तोंड उघडत होतं, म्हणजे काम करता आलं असतं. मी घड्याळ बघत होते. चारच्या सुमाराला गाडीवाला बाहेर आला आणि मॅडम त्याच्याशी बोलायला रस्त्यापर्यंत गेल्या.

मी काय केलं ते आता सांगते. मी मनात म्हटलं, पाचच मिनिटं. मॅडम यायच्या आत. आरतीच्या आईला मी डोळ्यांनी खुणावलं. तिला कळलं, तीही माझ्यासारखीच घाबरलेली होती. तिने मागून पोरीला मिठीत आवळलं आणि मी एका हाताने तिचं कपाळ दाबून, दुसऱ्या हाताचं बोट दातांच्या मध्ये सरकवलं.

आरतीने माझं बोट कडकडून चावलं. मी हात काढला, आई दचकली, आणि पोर निसटली. मागचं दार उघडं होतं. मी दारात पोचले तोवर उसाची पानं हलून परत स्थिर होत होती.

आता तो ऊस कुठला, तर मागच्या पंधरवड्यात तिथे बिबट्याची मादी पिलांसह दिसली होती. वस्तीवरची एक शेळी आणि दोन कुत्री गेली होती. वनखात्याने पलीकडच्या टोकाला पिंजरा लावला होता. त्या प्लॉटमध्ये शिरायला टोळीने नकार दिला होता म्हणून तो उभा होता. आम्ही दिवसाही मागचं दार उघडत नव्हतो. त्या दिवशी आरतीला वारा लागावा म्हणून सुमनमावशीने उघडलं होतं.

आरतीची आई हाका मारत धावली, तिला सुमनमावशीने कमरेला धरून थांबवलं. रस्त्यावरची पाच-सहा माणसं जमली. कुणी काठ्या आणल्या, कुणी पत्र्याचा डबा आणला. डबे वाजवत सगळ्यांनी एका ओळीने आत शिरायचं असं ठरत होतं. तेवढ्यात मॅडम आल्या. माझ्या बोटातून रक्त येत होतं. त्यांनी बोटाकडे बघितलं, मग रिकाम्या स्टुलाकडे.

त्यांनी माणसांना डबे वाजवू दिले नाहीत. तुम्ही सहा जण ओरडत आत गेलात तर ती पोर पिंजऱ्याच्या टोकापर्यंत पळत जाईल, त्या म्हणाल्या. बांधावर उभे राहा आणि नजर ठेवा. एक जण म्हणाला, बाई, आत गप जाऊ नका, वनखात्याची मानसं सांगत्यात आवाज करीत जावा म्हणून. मॅडम म्हणाल्या, करते आवाज. आणि उसाच्या दोन ओळींमधल्या सरीत उतरल्या. मी त्यांच्या मागे गेले. कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेर अजून ऊन होतं, पण उसात दहा पावलांवर संध्याकाळ झालेली होती. पाचट पायाखाली इतकं मोठ्याने वाजत होतं की दुसरा कुठला आवाज झाला असता तरी कळला नसता. पानांच्या कडा हाताला, गालाला कापत होत्या. कसला तरी उग्र वास येत होता, आणि तो कशाचा हे मला समजून घ्यायचं नव्हतं. मॅडम पुढे चालत होत्या आणि बोलत होत्या. ओरडून नाही. दवाखान्यात बोलतात त्याच आवाजात.

"आरतीताई, मी येतीय. मी पळणार नाही, माझे गुडघे दुखतात. काय काय होणार ते सांगते. आधी हिरडीला मलम लावीन. ते कडू लागतं. मग जीभ जड वाटेल, तशी ती वाटतेच. मग सुई. सुई दुखते. दहा आकडे दुखेल. मग आपण थांबायचं, गोष्टी करायच्या, ओठ झोपेपर्यंत. मग मी मूळ हलवीन. तेव्हा टोचणार नाही, पण कुणी दाबतंय असं वाटेल, आणि कडकड आवाज येईल. तो आवाज वाईट असतो. मग घाण चवीचं पाणी येईल, ते थुंकायचं..."

एवढं झालं की परत पहिल्यापासून. मलम, सुई, दहा आकडे, कडकड आवाज. तिसऱ्यांदा सुई आली तेव्हा डाव्या हाताला, फार तर चार सऱ्यांवरून, आवाज आला.

"मूळ काढाया किती आकडं?"

मॅडम जागच्या जागी थांबल्या. "ते मला सांगता येणार नाही, ताई. किती घट्ट आहे ते बघितल्याशिवाय कळत नाही. पण तुम्ही हात वर केला की मी थांबेन. कितीही वेळा."

मग, "आन् त्या?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "आरती, मी चुकले. न सांगता धरलं तुला."

"परत?"

"परत नाही."

पाचट वाजलं. ती उकिडवी बसून सरकत सरकत येत होती, एक हात गालावर. ती आमच्यापासून दोन सऱ्यांवर असताना उजवीकडे, खोल आत, काहीतरी हललं. वारा नव्हता. उसाचे शेंडे एका ओळीत हलत गेले आणि थांबले. मॅडमनी माझं मनगट पकडलं, त्यांची नखं रुतली, पण आवाज तसाच चालू राहिला. "या ताई, सावकाश या, घाई नाही, मी इथेच आहे, मग घाण चवीचं पाणी येईल, ते थुंकायचं." आरती पोचली. मॅडमनी तिला उचललं नाही, फक्त हात पुढे केला. तिने शर्टाची बाही धरली. आम्ही तिघी मागे न बघता, न पळता, बोलत बोलत बाहेर आलो. ते काय होतं ते कधी कळलं नाही. रानडुक्कर असेल, कुत्रं असेल. मादी पुढच्या आठवड्यात पिंजऱ्यात सापडली.

दवाखान्यात आल्यावर मॅडमनी हात धुवायला घेतले. ते असे थरथरत होते की साबण निसटून दोनदा खाली पडला. नळ सोडून, थरथर थांबेपर्यंत, त्या पाण्याखाली हात धरून उभ्या राहिल्या. गाडीवाला दारात होताच. उजेड आहे तोवर झालं नाही तर तसंच नगरला, असं त्याला सांगून ठेवलं.

आरती स्वतः खुर्चीत चढली. मॅडमनी जसं सांगितलं होतं तसंच सगळं झालं. सुईच्या वेळी आठव्या आकड्याला तिने हात वर केला आणि मॅडम थांबल्या. मूळ काढताना परत हात वर. परत थांबल्या. सुमनमावशी सांगते, अकरा वेळा. मला मोजता आलं नाही, मी दिवा धरून होते आणि पोरीच्या डोळ्यांतली भीती बघून माझेच डोळे मिटत होते. कारण ती भीती कमी झालेली नव्हती, अजिबात नव्हती. शेवटच्या वेळी हात वर झाला आणि तिने स्वतःच तो खाली घेतला. मूळ निघालं, पाठोपाठ पू आला. तिची आई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मॅडम मला रागावतील म्हणून मी वाट बघत होते. मायलेकी खोलीत गेल्यावर त्यांनी माझ्या बोटाला पट्टी बांधली.

"तू घाबरलीस म्हणून तिला धरलंस," त्या म्हणाल्या. "मी पण त्या पोराला घाबरूनच धरलं होतं."

यापेक्षा त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सकाळी सूज निम्म्याने उतरली होती, तरी हनुवटीखाली गाठ होती आणि ताप पुरता गेला नव्हता. शिरेतून औषध द्यायला हवं होतं. म्हणून आरती, तिची आई, मी आणि मॅडम, त्याच गाडीने नगरला गेलो. वाटेत आरतीने दुधात कुस्करलेलं बिस्कीट खाल्लं. तिला मॅडम सगळं सांगत होत्या, हाताला सुई लावतील, ती तशीच ठेवतील, बाटली लटकवतील. हॉस्पिटलच्या फाटकापाशी गाडी थांबली आणि मॅडम गप्प झाल्या. उतरल्या, चार पावलं आल्या, आणि झाडाखाली उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, तू जा हिला घेऊन, मला नाही यायचं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. यजमान त्यांचे इथेच होते शेवटचे वीस दिवस, हे मला गाडीवाल्याने नंतर सांगितलं. त्यानंतर त्या या फाटकातून आत गेल्या नव्हत्या.

वरच्या मजल्यावर एक तरुण डॉक्टर ट्रे घेऊन आला. आरतीला मी खाटेवर बसवलं होतं. ट्रे दिसताच ती ताठ झाली, अगदी पहिल्या दिवसासारखी, आणि मला वाटलं, संपलं, सगळं परत मागे गेलं. तिची आई हात पुढे करायला लागली, मी तिला थांबवलं. डॉक्टरने आरतीचं मनगट धरलं. तिने ते सोडवून घेतलं.

"आधी सांगा," ती म्हणाली. "मंग टोचा."

त्याने माझ्याकडे बघितलं. बिचाऱ्याच्या मागे सगळा वॉर्ड होता, पण तो खाटेच्या कडेला बसला आणि त्याने सांगितलं, कुठे टोचणार, का टोचणार. आरतीने ऐकून घेतलं. मग तिने हात लांब केला. हात पानासारखा थरथरत होता. तो तसाच लांब राहिला.

बाटली सुरू झाल्यावर मी खाली आले. मॅडम त्याच झाडाखाली उभ्या होत्या, बसल्याही नव्हत्या. मी सांगितलं, तिने स्वतः हात दिला.

"घाबरली होती का?" त्यांनी विचारलं.

"खूप. शेवटपर्यंत थरथरत होती."

त्यांनी फाटकाकडे बघितलं. मग त्यांनी शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या, बटणं लावली आणि माझ्या दंडाला धरलं. आम्ही आत गेलो. त्या वॉर्डाला जाणारा जिना अरुंद आहे. दर दोन पायऱ्यांवर त्या थांबत होत्या, कठड्याला घट्ट धरून, डोळे मिटून. मागून माणसं चढत होती, वाट द्या म्हणत होती. मी त्यांना ओढलं नाही. त्या पुढची पायरी चढेपर्यंत मी खालच्या पायरीवर उभी राहिले.